जुन्या खोडांची वाईन

३१ जुलै १३९५ रोजी बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने आपल्या मुलखातली द्राक्षाची एक जात उपटून टाकण्याचा हुकूम काढला. त्या जातीचं नाव गामे. ड्यूकच्या लेखी ही वेल बेइमान होती. ती घडांचा पाऊस पाडते, पण तिच्या वाईनमध्ये कडवटपणाखेरीज काही नसतं, अशी त्याची तक्रार. बर्गंडीची कीर्ती उभी होती ती पिनो न्वार या नाजूक, हात राखून फळ देणाऱ्या जातीवर. शेतकरी मात्र पोटासाठी गामेकडे वळू लागले होते. हुकूम निघाला म्हणून वेली एका रात्रीत गेल्या नाहीत. पुढच्या काळात मात्र गामे बर्गंडीच्या चुनखडीच्या उतारांवरून हटत गेली आणि दक्षिणेकडे, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर तिने कायमचं घर केलं.

गंमत अशी की १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत गामे ही पिनोचीच लेक निघाली. तिचा दुसरा पालक गुए ब्लाँ, म्हणजे मध्ययुगात गोरगरिबांच्या शेतात वाढणारी एक पांढरी जात. गामेने पिनोकडून सुवास घेतला आणि गुएकडून भरघोसपणा. वसंतातल्या हिमकडाक्यात तिचे पहिले कोंब जळून गेले, तरी मागून फुटणाऱ्या डोळ्यांवरही ती थोडंफार पीक देते.

ड्यूकची तक्रार निराधार नव्हती. वेलीवर घड जास्त झाले की प्रत्येक मण्याच्या वाट्याला साखर, रंग आणि वास कमी येतो. गामेला आवरायचे उपाय तीन. एक, हलकी जमीन. ती बोजोलेच्या डोंगरांनी दिली. दोन, कडक छाटणी. ती माणसाच्या हातात आहे. तिसरा उपाय वयाचा, आणि तो विकत मिळत नाही. हे प्रकरण या तिसऱ्या उपायाबद्दल आहे, आणि त्याच्या भरवशावर द्राक्षाच्या रसात काहीही न मिसळता वाईन करू पाहणाऱ्या मार्सेल लापिएर या शेतकऱ्याबद्दल.

वेल म्हातारी होते म्हणजे काय होतं

बोजोलेतली पारंपरिक बाग पाहिली तर आपल्याकडच्या बागायतदाराला ती बाग वाटणारच नाही. मांडव नाही, तारा नाहीत. गुडघाभर उंचीचं एकेक खोड सुटं उभं असतं. त्याला तीन ते पाच आखूड फाटे आणि प्रत्येक फाट्यावर दोन डोळे राखून केलेली छाटणी. वरून पाहिलं तर पसरलेल्या बोटांचा पंजा दिसतो. एका हेक्टरात अशी दहा हजारांपर्यंत खोडं, म्हणजे एकरी चार हजार. नाशिककडे एकरी साधारण हजाराच्या आसपास वेली असतात, तेव्हा तिथली दाटी लक्षात यावी. इतक्या दाटीत साधा ट्रॅक्टर शिरत नाही. छाटणी, विरळणी, तोडणी ही सगळी कामं कमरेत वाकून हातानेच होतात.

दर हिवाळ्यात छाटणी होते आणि दर छाटणीत खोडाला जखमा होतात. पन्नास-साठ वर्षांत त्या जखमा साठत जातात, आतलं लाकूड जागोजाग मरतं, रस वाहून नेणाऱ्या नळ्या काही भागांत बंद पडतात. बुरशीचे आणि विषाणूंचे आजारही मागे लागलेले असतात. परिणामी घड कमी लागतात, मणी बऱ्याचदा लहान राहतात आणि रसाच्या मानाने सालीचा वाटा वाढतो. लाल वाईनचा रंग आणि बराचसा वास सालीतच असतो. त्यामुळे इतर जातींत ज्याला नुकसान म्हणतील, ते गामेच्या बाबतीत वरदान ठरतं. ज्या भरघोसपणामुळे ड्यूक चिडला, तोच वयाने ओसरतो.

जमिनीखाली वेगळीच गोष्ट चाललेली असते. जुन्या वेलीची मुळं भुसभुशीत झालेल्या खडकाच्या फटींतून खोल गेलेली असतात. कोरड्या उन्हाळ्यात तरणी वेल पानं टाकू लागते, तेव्हा जुनीला खालून ओल मिळत राहते. तोडणीच्या तोंडावर पाऊस झाला, तर वरच्या थरात मुळं पसरलेली तरणी वेल पाणी पिऊन मणी फुगवते आणि जुनी वेल त्या मानाने स्थिर राहते. शिवाय जाड खोडात आणि मुळांत पिष्टाचा मोठा साठा असतो. वाईट वर्षी तोच कामी येतो.

तरीही जुनी वेल आपोआप चांगलीच वाईन देते, असं मानू नये. तरण्या आणि जुन्या वेलींची शेजारी शेजारी तुलना करणाऱ्या प्रयोगांत निष्कर्ष संमिश्र आले आहेत. त्यातली एक मेख लक्षात घेण्यासारखी आहे. वाईट जागेवरची बाग कुणी साठ वर्षं राखत नाही, तिथे वेली केव्हाच निघालेल्या असतात. जे जुनं उरलं आहे, ते बहुधा चांगल्या जमिनीवरचं आणि काळजीवाहू घरातलं. त्यामुळे जुन्या वेलीची वाईन पिताना आपण वयाबरोबरच अनेक पिढ्यांनी केलेली निवडही पीत असतो.

फ्रान्समध्ये बाटलीवर ‘जुन्या वेली’ असं छापायला वयाची कायदेशीर अट नाही. वीस वर्षांची बागही स्वतःला जुनी म्हणवू शकते. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाईन संघटनेने २०२४ साली व्याख्या ठरवली: वेल पस्तीस वर्षांची झाली की जुनी. बागेतल्या किमान ८५ टक्के वेली तशा असतील, तर ती बाग जुनी. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे.

युरोपात दीडशे वर्षांहून जुन्या बागा फारशा का दिसत नाहीत, याचंही कारण सांगायला हवं. १८६०च्या दशकात फायलोक्सेरा नावाचा मुळं शोषणारा बारीक किडा अमेरिकेतून फ्रान्सला पोचला आणि त्याने देशभरातल्या बागा मारल्या. शेवटी उपाय सापडला तो किड्याच्याच मुलखात. अमेरिकन रानवेलीचा खुंट आणि त्यावर युरोपीय जातीचं कलम. मोर्गाँशेजारच्या शिरूब्ल गावचे व्हिक्तोर प्युलिया यांनी हा उपाय बोजोलेत पोटतिडकीने मांडला. आजची सर्वांत म्हातारी खोडंही जवळपास सगळी त्या कलमयुगातली आहेत.

मोर्गाँचा शेतकरी

मोर्गाँ हे बोजोलेतल्या दहा नामांकित वाईन-क्षेत्रांपैकी एक, सुमारे अकराशे हेक्टरांचं. त्याच्या मध्यावर कोत द्यू पी ही साडेतीनशे मीटर उंचीची टेकडी आहे. तिथला निळसर खडक हाताने मोडेल इतका कुजलेला आहे, आणि त्यातच वेलींची मुळं उतरतात.

मार्सेल लापिएर १९५० साली जन्मले आणि १९७३ मध्ये वडिलांकडून त्यांनी बाग हाती घेतली. त्या काळचं वाईनशिक्षण स्पष्ट होतं. तण वाढलं तर तणनाशक मारा. द्राक्षं आत आली की गंधक घालून त्यांच्यावरचं रानटी यीस्ट मारा आणि पाकिटातलं खात्रीचं यीस्ट सोडा. साखर कमी पडली तर पोत्यातली घाला; नेपोलियनचे मंत्री शाप्ताल यांच्या पुस्तकापासून, म्हणजे १८०१ पासून, ही रीत फ्रान्समध्ये राजमान्य होती. शेवटी गाळून चकचकीत करा. लापिएर हे सगळं शिकले, त्यांनी ते केलं, आणि आपलीच वाईन त्यांना आवडेना.

बाजाराचं वारंही त्याच दिशेने वाहत होतं. तोडणीनंतर काही आठवड्यांतच विकायची ‘बोजोले नुवो’ ही ताजी वाईन जॉर्ज द्युबफ यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी जगभर पोचवली. १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा तिचा दिवस ठरला. पैसा लगेच हातात येत होता आणि घाईचा माल खपत होता. ‘७१बी’ या क्रमांकाने विकलं जाणारं यीस्ट वाईनला केळ्याचा वास देतं, आणि बोजोले म्हणजे केळ्याचा वास अशी ओळख होऊन बसली. अशा बाजारात कमी घड देणारं सत्तर वर्षांचं खोड कोण सांभाळणार?

१९८१ साली लापिएर यांची गाठ ज्यूल शोवे यांच्याशी पडली. शोवे (१९०७–१९८९) हे जवळच्याच ला शापेल-द-गँशे गावचे वाईन व्यापारी आणि रसायनशास्त्रज्ञ. नोबेलविजेते ओटो वारबुर्ग यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता, आणि यीस्ट, आम्ल, वास यांच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य घातलं. गंधक न घालता वाईन करता येते, असं ते म्हणत, पण त्यामागे भाबडी निसर्गभक्ती नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली काय घडतं हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा मुद्दा असा: द्राक्ष निरोगी असेल, त्यावर विषारी फवारे नसतील, तापमान थंड असेल आणि स्वच्छता कडक असेल, तर सालीवरचं रानटी यीस्ट आपलं काम पाकिटातल्या यीस्टपेक्षा जास्त छटांनी करतं. या अटींतली एक जरी मोडली, तरी सगळा डाव कोसळतो.

लापिएर यांनी बागेपासून सुरुवात केली. तणनाशकं आणि रासायनिक कीडनाशकं बंद. जुन्या वेली राखायच्या. इतरांची तोडणी उरकली तरी द्राक्षं पूर्ण पिकेपर्यंत थांबायचं. सडका किंवा किडका मणी टोपलीतच वेगळा काढायचा. वरून साखर घालायची नाही. गावातल्याच जाँ फोयार, जाँ-पोल तेव्हने आणि गी ब्रतों यांनी हीच वाट धरली. केर्मिट लिंच या अमेरिकन आयातदाराने या चौघांना ‘चौकडी’ म्हणून जगापुढे आणलं, आणि नैसर्गिक वाईनच्या आजच्या लाटेचा एक मोठा उगम या चौघांच्या तळघरांत सापडतो.

टाकीच्या आत

हाताने तोडलेले घड आधी थंड करतात आणि मग न चिरडता, देठांसकट लाकडी टाकीत भरतात. वरच्यांच्या भाराने तळाचे मणी फुटतात आणि त्यांचा रस सालीवरच्या यीस्टने आंबू लागतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेला वर ढकलून टाकी भरून टाकतो. अखंड राहिलेल्या मण्यांना आता प्राणवायू मिळत नाही, पण ते अजून जिवंत असतात. मग यीस्टची मदत न घेता मण्याच्या पेशी आपल्याच विकरांच्या जोरावर साखरेचं अल्कोहोल करू लागतात. या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास मिशेल फ्लांझी यांनी १९३४ पासून नार्बन इथे केला. हे अल्कोहोल दोन टक्क्यांच्या आसपास पोचलं की पेशी दम तोडते. तोवर आतलं आंबट मॅलिक आम्ल बरंच घटलेलं असतं आणि स्ट्रॉबेरी, चेरी, दालचिनी अशी आठवण करून देणारे वास तयार झालेले असतात.

या टप्प्यावर टाकीतला एक मणी काढून दाताखाली धरला, तर काय चाललंय ते कळतं. साल अजून ताणलेली असते. चावल्यावर जिभेवर चुणचुणतं, कारण आत वायू कोंडलेला असतो. गामेचा गर मुळात पांढरा. आता तो गुलाबी झालेला असतो, कारण सालीचा रंग आतल्या आत गरात झिरपलेला असतो.

दहा दिवस, पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त असं चालतं. मग घड दाबयंत्रात जातात आणि चोथ्यातून दाट, गोड, थोडा मादक रस निथळतो. बोजोलेत त्याला ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग, म्हणतात. त्यात अजून साखर असते. पुढचं आंबवण जुन्या, वापरलेल्या पिंपांत होतं, म्हणजे नव्या लाकडाचा वास वाईनवर चढत नाही.

गंधकाविना

खरी परीक्षा इथून सुरू होते. यीस्टने साखर संपवायची आणि त्यानंतर बॅक्टेरियांनी उरलेलं मॅलिक आम्ल सौम्य लॅक्टिक आम्लात बदलायचं, असा क्रम हवा. साखर शिल्लक असताना बॅक्टेरिया जोरात आले, तर ते साखरेवर तुटून पडतात आणि वाईन व्हिनेगरसारखी आंबटढाण होते. गंधक घालणाऱ्याला ही चिंता नसते. चिमूटभर सल्फर डायऑक्साइडने बॅक्टेरिया दबतात आणि हवेमुळे होणारा बिघाडही रोखला जातो. गंधक टाळणाऱ्याकडे उरतात ती साधनं अशी: थंडावा, स्वच्छता, रोज चव घेणं, सूक्ष्मदर्शकाने पाहणं आणि मुळात निरोगी, आम्लाचा तोल राखलेलं द्राक्ष. आम्ल कमी पडलं की बॅक्टेरियांचं फावतं. म्हणूनच २००३ सारख्या उष्ण वर्षी, जेव्हा बोजोलेत ऑगस्टमध्येच तोडणी करावी लागली, तेव्हा हे काम जास्त जोखमीचं झालं. खोल मुळांच्या वेलींचं मोल अशा वर्षी कळतं.

बिघाडांतला एक तर फार फसवा. त्याला उंदराचा वास म्हणतात. ग्लास नाकाशी नेला तर काही कळत नाही. घोट घेतला, गिळला, आणि काही क्षणांनी घशामागून उंदरांच्या पिंजऱ्यासारखी दुर्गंधी वर येते. याला कारणीभूत संयुगं वाईनच्या आम्लात हवेत उडत नाहीत. तोंडातल्या लाळेने आम्लता घटली की मोकळी होतात. गंधकाविना केलेल्या वाईनला या दोषाचा धोका जास्त असतो. असा दोष ‘नैसर्गिक आहे, असंच असतं’ म्हणून खपवणं हे शोवे आणि लापिएर यांनी केलेल्या कष्टांचा अपमान आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्यांच्या लेखी काही न घालणं म्हणजे काही न करणं नव्हतं. पोत्यातून आणि पाकिटातून जे मिळतं, त्याच्या जागी त्यांनी माणसाचे तास घातले होते.

लापिएर यांच्या मोर्गाँचे दोन प्रकार बाटलीत भरले जात. एक अजिबात गंधक न घातलेला आणि न गाळलेला, दुसरा भरताना अगदी थोडा गंधक दिलेला. पहिल्याला १४ अंशांखाली ठेवावं लागतं, कारण त्याहून गरम झालं की बाटलीतले सुप्त जीव जागे होऊ शकतात. त्यांनी हा फरक लपवला नाही. लांबच्या प्रवासाला कोणती बाटली टिकेल आणि तळघरात कोणती ठेवावी, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळत होतं. तरण्या वेलींची द्राक्षं ‘रेझँ गोलवा’ या साध्या, लवकर प्यायच्या वाईनकडे जात, आणि सर्वांत जुन्या खोडांचं फळ वेगळं राखलं जाई. एकाच घरच्या बागेत वयाप्रमाणे कामाची वाटणी होती.

कायदा काय म्हणतो

‘नैसर्गिक वाईन’ हा शब्द बराच काळ कुणीही वापरावा असा मोकाट होता. २०२० साली फ्रान्समध्ये ‘व्हँ मेतोद नातुर’ या नावाने त्याला चौकट मिळाली. प्रमाणित सेंद्रिय द्राक्षं, हाताने तोडणी, सालीवरचंच यीस्ट, कोणतीही भर नाही आणि रसाला तापवणं किंवा अतिबारीक गाळणं असले प्रकार नाहीत. सल्फाइट, म्हणजे वर सांगितलेलं गंधक, घालायचे झाले, तर आंबवण पूर्ण झाल्यावर आणि लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत. मग तसं बाटलीवर नमूद करायचं. युरोपात साध्या कोरड्या लाल वाईनला हीच मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे, सेंद्रियला १००. पूर्ण शून्य मात्र कुठेच मिळत नाही, कारण आंबताना यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करतं.

या चौकटीत वेलीच्या वयाचा उल्लेख नाही, आणि ही उणीव मला महत्त्वाची वाटते. नैसर्गिक वाईनची चर्चा तळघरात काय घातलं नाही याभोवती फिरते. तळघरात काही न घालण्याची हिंमत मात्र बागेतून येते.

नाशिकहून पाहताना

महाराष्ट्रातल्या बागायतदाराला या गोष्टीत ओळखीचं बरंच सापडेल. आपल्याकडची बरीचशी द्राक्षं डॉगरिज खुंटावर उभी आहेत, आणि हा खुंटही टेक्सासच्या रानवेलींतूनच आलेला. प्युलिया यांनी किड्यासाठी जो मार्ग धरला, तोच आपण पाण्याचा ताण आणि क्षार यांसाठी धरला.

फरक आहे तो विश्रांतीचा. बोजोलेत नोव्हेंबरला पानं गळतात आणि वसंतापर्यंत वेल झोपते. साठवलेलं पिष्ट खोडात शाबूत राहतं. आपल्याकडे कडाक्याचा हिवाळा नाही, म्हणून वेल कधी पुरती झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी आपण तिला वर्षातून दोनदा फुटायला लावतो. तेवढ्याने साठा खर्च होतो, जखमाही दुप्पट होतात. त्यात खाण्याच्या द्राक्षाचा बाजार टनावर चालतो, तेव्हा उत्पन्न घटू लागलं की बाग काढून नवी लावणं हाच शहाणपणा ठरतो. यात बागायतदाराचा दोष काढायला जागा नाही. हवामान आणि हिशेब दोन्ही त्याला तिकडेच ढकलतात. मोर्गाँच्या खोडांची नक्कल नाशिकला होणार नाही. घेण्यासारखा आहे तो हिशेबाचा धडा: कमी आलेल्या फळाला जास्त दर देणारं गिऱ्हाईक असेल, तरच जुनी वेल जमिनीत राहते.

मार्सेल लापिएर २०१० च्या तोडणीनंतर, ऑक्टोबरमध्ये वारले. त्यांची पत्नी मारी आणि मुलं मातिय व कामिय यांनी बाग चालवली, त्याच रीतीने. यात भावनेइतकाच व्यवहारही आहे. पस्तीस वर्षांची व्याख्या धरली, तर २०२५ मध्ये लावलेली वेल २०६० साली जुनी म्हणवली जाईल. म्हणजे लावणारा एक आणि तिचं उत्तम फळ तोडणारा बहुधा दुसराच. मधल्या काळात घटतं उत्पन्न सोसणारं घर हवं आणि त्या घराला पुरेल असा दर देणारा खरेदीदार हवा. ‘नैसर्गिक’ असं लिहिलेली बाटली हातात आली की यात गंधक किती, हा प्रश्न जरूर विचारावा. त्याआधी विचारावं: वेली किती वर्षांच्या आहेत, त्या कुणी राखल्या, आणि या किमतीत त्याला त्या पुढेही राखता येतील का?